इथून पुढं सगळे तू

योडर्न गावातून वरच्या तळ्याकडे जाणारी वाट जिथं शेवटचं झाड मागे टाकते, तिथं एका खांबाला लाकडाची फळी ठोकलेली आहे. फळीवर पांढऱ्या रंगात लिहिलंय, "२००० मीटर. इथून पुढं सगळे तू." पर्यटन कार्यालयानं पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी 'पाहायलाच हव्यात' अशा पाच जागा ठरवल्या, त्यात ही फळी तिसरी. पहिलं तळं, दुसरा धबधबा, चौथं लाकडी घंटाघराचं चर्च आणि पाचवी चीजची खोली, कारण तिथं विक्री होते. फळी धबधब्याच्या आधी हवी होती की नंतर, यावर गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही मोठ्यानं सांगितली जातात.

दर बुधवारी पाहुण्यांना वर न्यायचं काम नेसा यीगेनचं. वय चौऱ्याहत्तर, चाल शेळीची, जीभही तशीच, दिसेल त्याला तोंड लावणारी. पाच जागांचा फलक कार्यालयाबाहेर लागला त्या दिवशी ती कार्यालयाच्या सेवेरिन आम्राइनला म्हणाली होती, "पाहायलाच हव्यात म्हणजे काय हो? नाही पाहिल्या तर डोळे काढून घेणार आहात?" सेवेरिन लुसर्नकडचा, शिकलेला, सभ्य. त्यानं हसून मान डोलावली आणि फलक तसाच ठेवला.

या बुधवारी नेसाच्या मागून एक डच जोडपं चढत होतं. बायको मारेइके, नवरा योस्ट. दोघंही पन्नाशीची, आयुष्यात पहिल्यांदा डोंगर बघायला आलेली. त्यांच्या देशात सगळ्यात उंच जागा म्हणजे रेल्वेचा पूल, असं योस्टनं स्वतःच सांगितलं. लुसर्नचा पूल बघून झाला होता. युंगफ्राऊच्या डोंगरावरची रेल्वे झाली होती. मॅटरहॉर्न मात्र तीन दिवस ढगात बसून राहिला, म्हणून मारेइकेनं शेवटी चॉकलेटच्या डब्यावरच्या मॅटरहॉर्नचा फोटो काढून घेतला होता.

"आता तुमचं तळं बघितलं की सुटलो," मारेइके धापा टाकत म्हणाली.

"तळं कुठं पळून जात नाही," नेसा म्हणाली. "तुम्ही आधी श्वास घ्या. आणि तुम्ही, साहेब, काठी अशी काय धरलीय? छत्री नव्हे ती."

अशी तुम्ही-आम्ही करत वरात फळीपाशी पोचली. नेसानं खांबावर हात ठेवला, एक पाऊल पुढं टाकलं आणि मागं वळून म्हणाली, "काय गं, दमलीस? बस या दगडावर. आणि ए योस्ट, आधी पाणी पी, फोटो मग काढ."

दोघं बघतच राहिली.

"वाचा की फळी," नेसा म्हणाली. "वर धुकं उतरलं, पाय घसरला, तर 'बाईसाहेब, जरा आपला हात देता का' म्हणेस्तोवर बाईसाहेब दरीत. म्हणून इथून वर सगळे तू. पाद्रीबाबा असो, बँकेचा साहेब असो, न्यायाधीश असो."

"आमच्याकडे तर लगेचच सगळे तू म्हणतात," मारेइके म्हणाली.

"तुमच्याकडे चढच नाही, तुम्ही करणार काय?"

योस्टनं विचारलं, "कुणी लिहिली ही फळी?"

"माझ्या बापानं. उन्हाळाभर वरच्या कुरणावर गुरं राखायचा."

"आणि खाली उतरताना?"

"फळी ओलांडली की परत तुम्ही."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. सख्ख्या भावालासुद्धा."

मारेइके खो खो हसली. नेसा हसली नाही. "चल, ऊठ आता," ती म्हणाली. "ढग यायला लागलेत."

आता ही सख्ख्या भावाची भानगड सांगायलाच हवी, कारण गावात ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि जो तो आपल्या मीठमसाल्यानं सांगतो.

नेसाचा भाऊ लुत्सी फ्लुच. तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा. अठरा वर्षांपूर्वी तो गावचा अध्यक्ष होता आणि त्याच हिवाळ्यात तळ्यापर्यंत रोपवे न्यायचा ठराव गावसभेपुढं आला. गावसभेत बोलताना प्रत्येकानं प्रत्येकाला तुम्ही म्हणायचं आणि आडनावानं हाक मारायची, हा आमच्याकडचा जुना दंडक. नवरा-बायकोसुद्धा सुटत नाहीत. त्या दंडकामुळंच आजवर सभेत कुणी कुणाच्या डोक्यात खुर्ची घातलेली नाही, असं म्हणतात, आणि ते खोटं नसावं.

नेसा रोपवेच्या विरोधात बोलायला उभी राहिली. बोलली, आणखी बोलली, वेळ संपल्याची घंटा झाली तरी बोलत राहिली. बापाच्या फळीवर आली, तळ्यावर आली, मग अध्यक्षमहाराजांना त्या तळ्यात पोहायला कुणी शिकवलं आणि ते कसे रडले, यावर आली. लोक फिदीफिदी हसायला लागले. लुत्सी कानापर्यंत लाल झाला. त्यानं टेबलावर हात आपटला आणि म्हणाला, "श्रीमती यीगेन, तुम्ही आता खाली बसा."

नियमाला धरून बोलला. शब्दात कुठं खोट नव्हती. पण ज्या बहिणीनं त्याला बर्फातून पाठुंगळी शाळेत नेलं, तिला त्यानं भरसभेत सासरच्या आडनावानं खाली बसवलं, हे नेसाच्या काळजात घुसलं. ती बसली नाही. सभा संपेपर्यंत शेगडीशेजारी उभी राहिली. ठरावाच्या बाजूनं हात वर झाले तेही तिनं उभ्यानंच पाहिले.

बाहेर दाराशी लुत्सीनं थट्टेवारी नेलं. "काय मग, श्रीमती यीगेन, येताय ना सूप प्यायला?"

"तुमचं सूप तुम्हाला लखलाभ, अध्यक्षमहाराज," नेसा म्हणाली आणि घरी गेली.

तेवढंच. दुसऱ्या दिवशी बेकरीत दोघं समोरासमोर आली आणि दोघंही थांबली, दुसरा आधी काय म्हणतो ते बघायला. आमच्याकडे तू देण्याचा मान मोठ्याचा. वयानं मोठं माणूस पेला पुढं करतं, आपलं नाव सांगतं, समोरचा आपलं सांगतो, पेल्याला पेला लागतो, आणि मग तू सुरू. धाकट्यानं आपण होऊन तू म्हणणं म्हणजे आगाऊपणा. लुत्सीचं म्हणणं, मोठी ती आहे, तिनं द्यावं. नेसाचं म्हणणं, मी माझं तू परत घेतलंच कधी? ज्यानं काढून घेतलं त्यानं आणून द्यावं. झालं! दोघांचंही बरोबर होतं, आणि त्याचं कुणी काय करायचं? पुढच्या वर्षी रोपवे बांधणाऱ्यांनी अंग काढून घेतलं. रोपवे आलाच नाही, तुम्ही मात्र राहिलं.

नेसानं आणखी एक गोष्ट केली. लुत्सीच्या घरापुढं हौदाशेजारी बाक आहे, त्याच्या बापानं केलेला, म्हणजे तिच्याही. त्या बाकावर ती परत बसली नाही. जाता-येता थांबायची, बोलायची, भांडायची, पण उभ्यानं. लुत्सी दर वेळी "बसा ना" म्हणायचा. ती दर वेळी "उभी बरी आहे" म्हणायची.

एकच दिवस याला अपवाद होता. जुलैच्या शेवटच्या रविवारी पाद्रीबाबा वर कुरणावर जाऊन प्रार्थना घेतात आणि अख्खं गाव मागोमाग चढतं. फळी ओलांडली रे ओलांडली की लुत्सी विचारायचा, "नेसा, चीज आणलंस का?" आणि ती म्हणायची, "तुला कधी नाही आणलं, खादाडा?" मग दिवसभर दोघं गवतावर शेजारी शेजारी, एकाच सुरीनं कापून खाणार, मेलेल्या आईबापांची नक्कल करून हसणार. उतरताना फळी दिसायला लागली की बोलणं आटायचं. फळी मागं पडली की लुत्सी घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "सांभाळून उतरा." गाव पहिली काही वर्षं हसलं. मग त्यालाही सवय झाली.

तर त्या बुधवारी डच जोडप्याला हॉटेलाशी सोडून नेसा हौदापाशी आली. लुत्सी बाकावर बसला होता, गुडघ्यावर घोंगडी घेऊन. जुलै महिन्यात.

"आले का तुमचे पाहुणे जिवंत परत?" त्यानं विचारलं.

"एवढी काळजी असेल तर पुढच्या बुधवारी तुम्हीच न्या."

"नेलं असतं." तो खोकला. खोकला बराच वेळ चालला, नेसा हौदाच्या काठाला धरून उभी राहिली. "डॉक्टर म्हणतो, चढ बंद. नुसता चढ नव्हे, उंचीच बंद. इथली हवासुद्धा माझ्या फुप्फुसांना पातळ पडते म्हणे. शनिवारी आंद्री येतोय गाडी घेऊन."

आंद्री म्हणजे त्याचा मुलगा. विंटरथूर शहरात असतो, खाली सपाटीवर, कारखान्यात.

"किती दिवसांसाठी?" नेसानं विचारलं.

"दिवस कसले मोजताय? कायमचं. त्यानं खालची खोली रिकामी केलीय. खिडकीतून बसचा थांबा दिसतो म्हणाला. पाहायलाच हवी अशी जागा."

नेसाला हसू आलं आणि अर्ध्यातच गेलं. "आणि वरची प्रार्थना?"

"ती तुम्ही माझ्या वाटणीची करा. चीज कमी न्या यंदा." लुत्सीनं घोंगडी नीट केली. "बसा ना."

"उभी बरी आहे," नेसा म्हणाली, आणि घरी गेली.

घरी येऊन तिनं बटाटे सोलायला घेतले आणि तिसऱ्या बटाट्याला तिच्या ध्यानात आलं. लुत्सी परत कधी फळीच्या वर जाणार नव्हता. म्हणजे तो तिला परत कधी तू म्हणणार नव्हता, आणि ती त्याला. पुढचा रविवार नाही, पुढचं वर्ष नाही. विंटरथूरला भेटायला गेली तर त्या खिडकीपाशी उभी राहून म्हणणार, "तुमची तब्येत कशी आहे?" आणि एक दिवस आंद्रीचा फोन येणार, आणि तिचा भाऊ 'तुम्ही' म्हणूनच पुरला जाणार. नेसा तिथंच स्वयंपाकघरात रडली. सुरी हातात होती, नाक पुसायला पदर ना रुमाल, बाहीनंच पुसलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभच विंटरथूरला चालला होता आणि पीळ तिच्यापाशी राहणार होता.

दुसऱ्या दिवशी तिनं जवाचं सूप केलं, वाळवलेल्या मांसाचे तुकडे घातलेलं, लुत्सीला आवडतं तसं. भांडं घेऊन निघाली आणि वाटभर पुटपुटत गेली, "लुत्सी, तुझ्यासाठी सूप आणलंय. लुत्सी, तुझ्यासाठी." हौदापाशी एक मांजर बसलं होतं, त्यालाही म्हणून दाखवलं. छान आलं. मग लुत्सीनं दार उघडलं, आणि अठरा वर्षांची सवय जिभेवर येऊन बसली.

"तुमच्यासाठी सूप आणलंय," नेसा म्हणाली, आणि स्वतःलाच एक ठेवून द्यावीशी वाटली.

लुत्सीनं उभ्या उभ्याच चमचाभर चाखलं. "मीठ कमी आहे तुमच्यात."

"माझ्यात की सुपात?"

"दोन्हीत."

दोघंही हसली. हसता हसता लुत्सीला ठसका लागला. तो चौकटीला धरून वाकला, नेसानं त्याची पाठ चोळली, आणि श्वास जागेवर आल्यावर तो खाली बघत म्हणाला, "वर असतो ना, तर एक गोष्ट सांगितली असती."

"काय?"

"वर असतो तर."

"मग चला वर!" नेसा भलतंच बोलून गेली.

"मी येतो हो. श्वास यायला तयार नाही." त्यानं भांडं आत घेतलं. "भांडं उद्या धुऊन पाठवतो तुमचं."

परत येताना नेसाला रडू आलं नाही. उलट ती चिडली होती. लुत्सीवर नाही, तशी त्याच्यावरही, पण जास्त त्या मुंगीएवढ्या शब्दावर. हा माणूस सत्तरी ओलांडून खोकतोय, मनात काहीतरी धरून बसलाय, आणि बोलणार कुठं, तर दोन हजार मीटरवर! बापाचा आडमुठेपणा तो, दुसरं काय. आणि मग ती रस्त्यातच थांबली. बाप! दोन हजार मीटर कुठं सुरू होतात हे बापानं तरी कुठं मोजून ठरवलं होतं? खांब रोवायला माती मऊ लागली तिथं त्यानं फळी ठोकली होती. तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. अडलंय ते फळीपाशी, डोंगरापाशी नव्हे.

शुक्रवारी न्याहारी झाल्यावर नेसानं पिशवीत पक्कड आणि हातोडी घातली आणि वाटेला लागली.

फळीपाशी पोचून बघते तर दगडावर मारेइके आणि योस्ट बसलेली, पाव खात.

"परत आलात?" नेसानं विचारलं, मग खांब ओलांडून म्हणाली, "परत आलात होय रे?"

"तळं राहू दे, मला ही जागाच आवडली," मारेइके म्हणाली. "इथून पलीकडं गेलं की आपण एकदम नात्यातले होतो. तू काय करतेयस?"

नेसा पकडीनं खिळा उपटत होती. खिळा बापाच्या हातचा, तो काय असातसा निघतोय! "ही फळी खाली न्यायचीय. माझ्या भावाकडं."

"त्या... सख्ख्या?"

"मला एकच आहे."

मारेइकेनं नवऱ्याकडं बघितलं. योस्ट उठला, त्यानं पाव तोंडात धरला, नेसाच्या हातून पक्कड घेतली आणि चार हिसक्यांत दोन्ही खिळे बाहेर काढले. नेसा म्हणाली, "अरे वा! सपाट देशातली माणसंसुद्धा कामाची असतात."

फळी चांगली पुरुषभर लांब आणि जड. पुढचं टोक योस्टच्या खांद्यावर, मागचं मारेइकेच्या, नेसा मध्ये हात लावून. झाडांत शिरल्यावर मारेइके म्हणाली, "आता आपण खाली आलो. आता तू की तुम्ही?"

नेसानं विचार केला. हा प्रश्न आमच्या गावात आजवर कुणाला पडला नव्हता. "फळी खांद्यावर आहे तोवर तू," ती म्हणाली. "फळी जिथं, तिथं वर."

"मग उतरतोय कुठं आपण?" योस्ट म्हणाला. "चढतोयच की."

अशी तिघं अरेतुरे करत गावात शिरली. बेकरीवाली दारात येऊन बघत राहिली. नेसानं तिलाही सोडलं नाही. "बघतेस काय गं? पाव करपतोय!" बेकरीवालीनं खरंच आत जाऊन पाव बघितला.

लुत्सी बाकावर होता. फळी येताना त्याला लांबूनच दिसली असणार. तिघांनी ती हौदाच्या भिंतीला, बाकाच्या अलीकडं टेकवून उभी केली. डच जोडप्याला समजायचं ते समजलं. मारेइकेनं नेसाचा दंड दाबला आणि दोघं चर्च बघायला निघून गेली. चौथी जागा त्यांची राहिलीच होती.

नेसा घरी जाऊन रोटेलीची बाटली घेऊन आली, चेरीची लाल गोड दारू, आमच्याकडे घरोघर असते. बाटली, दोन पेले. आणि ती हौदापाशी पोचते न पोचते तोच सेवेरिन आम्राइन धावत आला, टाय उलटा होऊन खांद्यावर गेलेला.

"श्रीमती यीगेन! वरची फळी... लोक फोन करतायत, तिसरी जागा सापडत नाही म्हणून. आणि बेकरीत म्हणाले की तुम्ही..."

"ये रे सेवेरिन," नेसा म्हणाली. "धाप लागलीय तुला. पाणी पी."

चार वर्षांत सेवेरिनला खाली योडर्नमध्ये कुणी तू म्हटलं नव्हतं. "तुम्ही मला..."

"फळी वाच."

त्यानं वाचली. "पण हे दोन हजार मीटर नाहीत! गाव पंधराशेवर आहे. हे चूक आहे. पाहुण्यांची दिशाभूल आहे ही."

"पंधराशे वीस," बाकावरून लुत्सी म्हणाला.

"ऐक जरा," नेसा म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा तिखट राहिला नाही. "तू म्हणतोस ना, ही जागा पाहायलाच हवी? हा उद्या जातोय. त्याला आता तिथवर चढता येत नाही, परत कधी येणार नाही. मग जागा त्याच्याकडं आली. माझ्या भावाशी मला बोलायचंय रे. तुम्ही म्हणून नाही. एवढंच आहे सगळं."

सेवेरिननं नेसाकडं बघितलं, लुत्सीकडं बघितलं, तिच्या हातातल्या दोन पेल्यांकडं बघितलं. लुसर्नचा असला म्हणून काय झालं, त्यालाही बहीण असेल. त्यानं टाय खांद्यावरून काढून सरळ केला. "रंगवायला उतरवलीय असं सांगतो सगळ्यांना," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत. आणि परत नेताना मला हाक मारा." तो चार पावलं गेला, थांबला, आणि लाजत लाजत म्हणाला, "मला हाक मार. एकटी नेऊ नकोस."

तो गेला. हौदात पाणी पडत होतं. लुत्सी अजून फळीकडंच बघत होता. वाकून त्यानं खालच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवला. तिथं पांढऱ्या रंगात एक इवला ठसा होता. फळी ओली असताना सात वर्षांच्या लुत्सीनं तिला हात लावला होता आणि बापाचा मार बहिणीनं खाल्ला होता, मीच लावला असं सांगून.

नेसानं दोन्ही पेले भरले. ती उभीच होती. एक पेला तिनं पुढं केला.

"मोठ्यानं द्यायचं असतं," ती म्हणाली. "मला उशीर झाला. मी नेसा."

लुत्सीनं पेला घेतला. थोडी रोटेली घोंगडीवर सांडली. नव्यानं ओळख होताना माणूस जसा जरा सावरून बसतो, तसा तो सावरून बसला.

"मी लुत्सी," तो म्हणाला.

पेल्याला पेला लागला. दोघं प्याली. नेसानं रिकामा पेला हौदाच्या काठावर ठेवला.

"बोल की," ती म्हणाली. "वर असतो तर सांगितलं असतं म्हणालास. आता आलास ना वर?"

लुत्सीनं पेला खाली ठेवला. पाठ ताठ केली, आवाज भारदस्त केला आणि बाकावर सपकन तळहात आपटला, सभेत आपटायचा तसा.

"श्रीमती यीगेन," तो म्हणाला.

नेसा बाटली उचलायला वळली.

लुत्सीचा हात बाकावरच राहिला होता, त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर. भारदस्त आवाज त्याला पुढं रेटता आला नाही. "नेसा," तो म्हणाला. "बस गं तू आता. अठरा वर्षं उभी आहेस."

नेसा बसली.